भिंतीवर पडदा आला, भागाकार कधी येणार?



औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया नावाची प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या, त्यांतून लेसरचा किरण सोडायचा आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशात कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली असतील तर त्या धक्क्याने नळीच्या दोन टोकांमधले अंतर अणूच्या गाभ्यापेक्षाही कमी मापाने बदलले काय, हे तपासायचे, असा तो उद्योग आहे. आमचा त्याला विरोध नाही. जगातले शास्त्रज्ञ हिंगोलीचे नाव घेणार असतील तर आम्हाला बरेच वाटेल. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की त्या फाटकातून आपल्या शिवारातले कोण आत जाणार? दंडुका घेऊन उभा राहायला एक, बागेला पाणी द्यायला दोन, झाडलोटीला चार बाया, एवढे तर जातीलच. मोजमापाच्या खोलीत बसायला कोणी जाईल काय?

जायचे तर गणित यावे लागते. आणि गणिताची आपल्याकडची अवस्था झाकून ठेवण्यासारखी राहिलेली नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लेकरांची वाचनाची आणि आकडेमोडीची पाहणी करते; 'असर' या नावाने तिचा अहवाल निघतो. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी जेमतेम २६ मुलांना तीन अंकी आकड्याला एक अंकी आकड्याने भागता आले. २०२४ मध्ये हा आकडा ३१ च्या आसपास गेला. सुधारणा झाली म्हणून कोणी पेढे वाटायचे तर वाटोत. आठवीत गेलेल्या मुलांतही तो भागाकार निम्म्यांना जमला नाही; १०० पैकी ४६ वर गाडी थांबली.

भागाकार आला नाही तर बिघडले काय, असे म्हणणारेही आपल्यात आहेत. बाप अडाणी राहून शेती करतोच आहे ना, असे ते म्हणतात. त्यांनी जरा केंद्रावरचा काटा आठवावा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात आणि बाराच्या पुढे माल परत, असा खरेदीचा नियम. आता बारा क्विंटल कापूस नेला आणि यंत्राने अकरा टक्के ओलावा दाखवला तर किती पैसे कापले जायला पाहिजेत? क्विंटलला २४३ रुपये ३० पैसे, बारा क्विंटलचे २,९१९ रुपये ६० पैसे. हा हिशेब सातवीच्या लेकराने बैलगाडीच्या साटीवर बसून करायला हवा. आपल्यातले किती जण पट्टी हातात पडल्यावर तो ताडून पाहतात? मोंढ्यात ज्वारीचे माप झाले की हमाली, तोलाई वजा जाऊन जो आकडा येतो तो आपण देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतो. जो हिशेब आपल्याला येत नाही तो दुसरा कोणीतरी आपल्यासाठी करतो, आणि फुकट करत नाही.

दोष कोणाचा, हे शोधायला बसलो की सगळ्यांचे बोट गुरुजींकडे जाते. सुटीच्या दिवशी पगार घेणारा माणूस आपल्याला सहज दिसतो, म्हणून. पण चार इयत्ता आणि दोन गुरुजी असलेली शाळा आम्ही पाहिलेली आहे, तुम्हीही पाहिलेली आहे. त्यातला एक जण निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला लागलेला असतो. दुसऱ्यासमोर पाचवीच्या वर्गात तीस लेकरे. त्यांतली पाच खरोखर पाचवीची. दहा तिसरीच्या गणितावर अडलेली. उरलेल्यांना हातच्याची वजाबाकीही येत नाही. काही तर दिवाळी झाली की आईबापांबरोबर कोयत्याच्या टोळीत पश्चिम महाराष्ट्राकडे गेली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली. मधले सगळे धडे त्यांनी उसाच्या फडात घालवले. आणि पुस्तक म्हणते, आज अपूर्णांकांचा गुणाकार. गुरुजींनी अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, तो ते करतात. वरची पाच लेकरे पुढे सरकतात.

आपण शेतकरी आहोत. आपण बरडावर आणि काळ्या भारी रानात एकाच दिवशी तिफण धरत नाही. वाफसा आला की नाही हे मूठभर माती दाबून पाहिल्याशिवाय पेरत नाही. शाळेत मात्र जून उजाडला की सगळ्या रानावर एकच पेरणी, एकाच खोलीवर, एकाच वाणाची. उगवले ते उगवले.

पूर्वी असे नव्हते, ही एक गंमत सांगण्यासारखी आहे. जुन्या काळी पंतोजीच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. ज्याची पावकी पाठ झाली तो निमकीवर गेला, निमकी झाली की पाऊणकी, पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी. एकजण ओसरीवर धुळाक्षरे गिरवतोय आणि शेजारचा औटकी म्हणतोय, असा प्रकार होता. प्रत्येक जण आपल्या पायरीवर. त्या शाळेचे गोडवे गायचे कारण नाही. आपल्या पणज्यांना तिच्या ओट्यावर पाय ठेवायला मिळत नव्हता आणि पोरींचा तर प्रश्नच नव्हता. पण ज्याला जिथे अडते तिथून त्याला शिकवावे, ही गोष्ट तेव्हाही ठाऊक होती एवढेच सांगायचे.

आता मूळ विषयाकडे येऊ. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकावर आणि टॅबवर चालणारी गणिताची अशी सॉफ्टवेअर निघाली आहेत की जी हीच गोष्ट यंत्राकडून करून घेतात. इंग्रजीत त्यांना ॲडॅप्टिव्ह म्हणतात, म्हणजे लेकरू पाहून आपली चाल बदलणारी. भिंतीवरचा पडदा वेगळा आणि हे वेगळे. हा फरक नीट समजून घ्या, कारण विकायला येणारा माणूस दोन्हींना 'डिजिटल' हा एकच शब्द वापरतो.

पडद्यावर चित्र हलते, गाणे वाजते, तीसही लेकरे एकच गोष्ट पाहतात. खडू-फळ्यावर जे होत होते तेच रंगीत होते. बदलणारे सॉफ्टवेअर आधी प्रश्न विचारते. समजा, बावन्नातून सतरा वजा करायला सांगितले. उत्तर पस्तीस. एका लेकराने ४५ लिहिले, दुसऱ्याने ८, तिसऱ्याने ३६. घाईतला माणूस तिघांच्याही पाटीवर फुली मारून मोकळा होतो. पण ४५ लिहिणाऱ्याने काय केले पाहा: दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन घालवले, पाच, पाचातून एक, चार. त्याला हातचा कळलेला नाही. ८ लिहिणाऱ्याला वजाबाकी चांगली येते. त्याने 'बावन्न' ऐकून २५ लिहिले, कारण मराठीत बावन्न म्हणताना आधी 'बा' म्हणजे दोन ऐकू येतात आणि मग पन्नास. ३६ लिहिणारा बोटे मोजताना एकाने चुकला, त्याला फारसे काही झालेले नाही. तिघांचा रोग वेगळा, औषध वेगळे. चांगले सॉफ्टवेअर चुकीचे उत्तर पाहून तिचे मूळ ओळखण्याचा प्रयत्न करते आणि त्याप्रमाणे पुढचा प्रश्न काढते: पहिल्याला दशकाच्या जुड्या सोडवायला देते, दुसऱ्याला संख्या ऐकून लिहायला लावते, तिसऱ्याला पुढे सोडते. चुकले म्हणून छडी नाही, हसणारे कोणी नाही आणि दहा वेळा चुकले तरी यंत्र वैतागत नाही. चांगले गुरुजीही हेच करतात. तीस लेकरांत एकाच वेळी करायला त्यांना दहा डोळे नाहीत.

हे सगळे बोलाचीच कढी आहे की खरेच काही होते? आम्ही कोणाच्या जाहिरातीवर जात नाही, म्हणून मोजून पाहिलेली उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण शेजारच्या गुजरातचे. 'प्रथम'चा जन्म मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत झाला. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ती उभी केली. या संस्थेने २००२ नंतरच्या दोन वर्षांत बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या लेकरांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोघे. प्रश्न सोडवला की पुढचा अवघड, चुकला की सोपा. ज्या शाळांत हे चालले त्यांची ज्या शाळांत चालले नाही त्यांच्याशी तुलना करण्यात आली. गणितात मोठा फरक पडला. हे मोजमाप करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (बॅनर्जी जन्माने मुंबईचे आणि आईकडून पाटणकरांचे नातू, बंगाल्यांनी सगळाच मान घेऊ नये.) पण त्याच मोजमापात दुसरीही गोष्ट निघाली: कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिले तर मिळवलेले बरेचसे ओसरून गेले होते. एक पाऊस पडला आणि पुढे ओढ दिली तर पऱ्हाटीचे जे होते तेच.

दुसरे उदाहरणही गुजरातचेच, आणि आमच्या मते ते सगळ्यात महत्त्वाचे आहे. ग्यानशाला नावाच्या संस्थेच्या शाळांत संगणकावरचे गणित दोन तऱ्हांनी देऊन पाहिले. काही शाळांत ते शिक्षिकेच्या रोजच्या तासाच्या जागी दिले. काहींत शाळा सुटल्यावर जादा म्हणून दिले. सॉफ्टवेअर तेच. जादा म्हणून दिले तिथे लेकरे सुधारली, त्यातही कच्ची लेकरे जास्त. शिकवण्याच्या जागी दिले तिथे लेकरे आधीपेक्षा मागे पडली. लिंडेन नावाच्या अभ्यासकाने २००८ मध्ये हे मांडले. शिकवणारी बाई चांगली असेल तर तिला उठवून तिथे यंत्र बसवणे म्हणजे चांगला बैल विकून घुंगरमाळ घेणे.

तिसरे दिल्लीचे. २०१५ मध्ये तिथल्या गरीब वस्त्यांत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरची केंद्रे चालत होती. चौथी ते नववीच्या ६१९ मुलांची चिठ्ठी टाकून निवड केली, निम्म्यांना केंद्रात फुकट प्रवेश, निम्म्यांना नाही. रोज दीड तास. त्यातला अर्धा वेळ यंत्रावर आणि अर्धा वेळ लहान गटात शिकवणाऱ्यासमोर. साडेचार महिन्यांनी तपासले तेव्हा केंद्रात आलेल्या मुलांनी इतरांच्या साधारण दुप्पट गणित कमावलेले निघाले. त्या तपासणीत असेही दिसले की सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. आणि आता जे सांगतो ते लक्षात ठेवा: एवढी सुधारणा होऊनही त्या मुलांच्या शाळेतल्या गणिताच्या परीक्षेचे गुण फारसे वाढले नाहीत. का वाढावेत? लेकरू तिसरीच्या पायरीवरून चौथीच्या पायरीवर आले, पण पेपर सातवीचा. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. तेव्हा कोणी टॅब घेऊन येईल आणि 'मार्चमध्ये निकाल पाहा' म्हणेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा खोटारडा.

नुसती यंत्रे वाटून काय होते याचेही उदाहरण घरचेच आहे. दर मुलामागे एक लॅपटॉप अशी एक मोहीम अमेरिकेतून निघाली होती. तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत झाला. हिरवी-पांढरी यंत्रे हातात घेतलेल्या लेकरांचे फोटो झकास आले. पेरू या देशाने तर ही यंत्रे लाखांनी घेतली. तिथल्या ३१९ खेड्यांच्या शाळांत निकाल पाहिला तेव्हा गणितात फरक नाही, भाषेत फरक नाही. यंत्र होते, त्यात लेकराची पायरी ओळखणारे काही नव्हते आणि गुरुजींना त्याचे काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. अवजार दिले, मशागत कोणी करायची हे ठरले नाही.

आपल्याकडे २०१५ च्या जून महिन्यात प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर गावोगाव शाळा डिजिटल करायची चढाओढ लागली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेने आधीच वाट दाखवली होती. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले आणि त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मन लावून काम करणाऱ्या गुरुजींचे आम्हाला कौतुकच आहे. पण बाकीच्या गावांत काय झाले? लोकवर्गणी झाली. आपण पाचशे, हजार, ज्याला जमले त्याने पाच हजार दिले. टीव्ही आला, पडदा आला, सरपंचाच्या हस्ते नारळ फुटला. पुढे विजेचे बिल थकले, मीटर काढून नेले आणि पडद्यावर धूळ बसली, असे गाव आपल्यापैकी कोणी पाहिले नाही काय? ते पैसे कापसाच्या पट्टीतून गेले होते.

नंतर करोनात शाळा बंद झाल्या. २०२० च्या नोव्हेंबरात शिक्षण परिषदेने 'स्वाध्याय' नावाने दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवायला सुरुवात केली. मराठीत आणि उर्दूत, गणिताचेही. कल्पना वाईट नव्हती. पण घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप आखाड्यावर, आखाड्यावर रेंज नाही. रात्री बाप आला की फोन आधी पोराच्या हातात. पोरगी भाकरी थापतेय. हे आम्ही कोणाला हिणवायला लिहीत नाही. ज्या सॉफ्टवेअरचा भरवसा घरच्या फोनवर आहे ते पोरींपर्यंत पोचणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की हे काम शाळेच्या आवारात, शाळेच्या यंत्रावर व्हावे. तिथे पोरीचा नंबर पोराइतकाच लागतो.

रेंजचे रडगाणे मात्र शाळेच्या बाबतीत चालणार नाही. पीकपेरा फोनवर नोंदवायचा, कापूस विकायचा तर आधी फोनवर नोंदणी करायची, यात आपण बांधावर हात वर करून किती हिंडलो हे ज्याचे त्याला माहीत. गणिताला त्याची गरज नाही. शाळेतल्या एका लहान यंत्रात सगळे भरून ठेवायचे आणि बाकीचे टॅब त्याला जोडायचे, बाहेरचे इंटरनेट नसले तरी चालते. कोलिब्री नावाची अशी फुकट प्रणाली आहे. खान अकादमीचे गणितही फुकट आहे आणि मराठीतून आहे. तेव्हा इंटरनेट नसेल तर काहीच होणार नाही असे सांगणारा, किंवा दरवर्षी अमुक इतकी रक्कम भरल्याशिवाय काहीच मिळणार नाही असे सांगणारा समोर आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

भाषेचे मात्र आपल्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वर चढायचे तर उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दूतूनच सुरू झाले. आपल्या आज्यांना हिशेब येत होता, पण ज्या भाषेत तो मांडायचा ती भाषा येत नव्हती, म्हणून ते मागे राहिले. आता उर्दूच्या जागी इंग्रजी बसवून तोच खेळ पुन्हा मांडायचा नाही. सॉफ्टवेअर मराठीत हवे, म्हणजे नुसते इंग्रजीवरून उलथवलेले नको. बावन्नचे उदाहरण वर दिलेच आहे. इंग्रजी लेकरू 'फिफ्टी टू' म्हणते तेव्हा पन्नास आधी येतात. ती अडचण त्याला नाहीच, म्हणून तिकडे बनलेल्या सॉफ्टवेअरला ती दिसतही नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस म्हणजे 'वीस एक' अशी जोड दिली तेव्हा केवढा गहजब झाला! विधानसभेत टवाळी झाली, पेपरांत विनोद आले. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितज्ञ; त्या सांगत होत्या की जुनी नावे काढलेली नाहीत, कच्च्या लेकराला आधार म्हणून दुसरी वाट दिली आहे. मराठी बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांची लेकरे जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आमचे मत तेव्हाच्या ओरडणाऱ्यांच्या बाजूचे नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत लेकरू गोंधळत असेल तर त्याला 'पन्नास नऊ' म्हणू द्यावे, पक्के झाले की एकोणसाठ येईल.

आणखी एक गोष्ट. आपली लेकरे गणितात ढ आहेत असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या साप्ताहिकात बॅनर्जी-डफ्लो यांच्याच गटाचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी-फळे विकणाऱ्या लेकरांना त्यांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले. आठशे ग्रॅम हे, दीड किलो ते, शंभराची नोट, परत किती? लेकरांनी कागद-पेन न घेता झटपट बरोबर सांगितले. तीच बेरीज-वजाबाकी-भागाकार शाळेसारखा कागदावर मांडून दिला तर बरीचशी अडली. आणि जी लेकरे फक्त शाळेत जात होती त्यांचे उलटे: कागदावर बरी, बाजाराच्या हिशेबात अडखळत. आठवडी बाजारात मायच्या शेजारी बसून वांगी विकणारी पोरगी आपण रोज पाहतो. तिच्या डोक्यात हिशेब आहे. तो कागदावर उतरवायचा पूल शाळेने बांधलेला नाही. सॉफ्टवेअरनेही तो अजून बांधलेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. सफरचंदे आणि पिझ्झ्याचे तुकडे मोजायला लावणारी गणिते आमच्या पाहण्यात पुष्कळ आली, रुईचा उतारा काढायला लावणारे एकही नाही. क्विंटलभर कापसातून पस्तीस किलो रुई निघाली तर सरकी किती, यात बेरीज-वजाबाकी, टक्केवारी सगळे आले. हे गुरुजींनी आणि आपण मिळून घालायचे काम आहे.

संघटनेतल्या काही कार्यकर्त्यांची शंका निराळी आहे आणि ती खोटी नाही. ते म्हणतात, २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची भाषा सरकारने काढली; आता टॅब देतील, उद्या म्हणतील एवढ्या पटाला गुरुजी कशाला, टॅब आहेच की. हा डाव कोणी टाकला तर त्याला उत्तर म्हणून ग्यानशालेचा निकाल तोंडपाठ ठेवा. माणसाच्या जागी यंत्र बसवले तिथे लेकरे मागे पडली, हे मोजलेले आहे. गुरुजी वाचवायचे म्हणून यंत्राला विरोध करायची गरज नाही. यंत्र येताना गुरुजींची जागा भरलेली आहे, अशी अट घालायची.

हे ठरवायचा अधिकार कोणाचा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे लिहिलेले आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. आपल्यातल्या किती जणांना आपण त्या समितीवर आहोत हे ठाऊक आहे? सही घ्यायला रजिस्टर घरी येते, आपण अंगठा नाहीतर सही करतो आणि बैलांना पाणी दाखवायला जातो. यापुढे ग्रामसभेत किंवा या समितीत शाळेसाठी पडदा, फळा, टॅब घ्यायचा विषय निघाला, मग पैसा वित्त आयोगाचा असो, आमदार निधीचा असो की लोकवर्गणीचा, तर सही करण्याआधी विकणाऱ्याला सगळ्यांसमोर एक गोष्ट करून दाखवायला लावा. गावातली दोन लेकरे बोलवा, एक हुशार आणि एक कच्चे. दोघांना त्याच्या यंत्रावर अर्धा तास बसवा. अर्ध्या तासाने दोघांसमोर एकच प्रश्न असेल तर तो पडदाच आहे, महाग पडदा. दोघांच्या पुढचे प्रश्न वेगळे झाले असतील, आणि कच्चे लेकरू कुठे अडले हे यंत्र गुरुजींना मराठीत सांगत असेल, तर पुढचे बोलणे करा: वीज कोण भरणार, बिघडले तर हिंगोलीत दुरुस्त होणार की पुण्याला पाठवायचे, तीन वर्षांनी पैसे कोण देणार आणि ऊसतोडीला गेलेले लेकरू परत आले तर जिथे सोडले तिथूनच त्याला सुरू करता येईल काय. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. अशा सॉफ्टवेअरचा सगळ्यात जास्त उपयोग कोणाला होणार असेल तर तो त्या लेकराला.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोपर्यंत काहीच होत नाही असे नाही. लेकरांना इयत्तेप्रमाणे न बसवता पायरीप्रमाणे बसवून रोज तासभर शिकवणे खडू-फळ्यावरही होते, 'प्रथम'ने ते अनेक राज्यांत करून दाखवले आहे. गुरुजींना वेळ मिळत नसेल तर गावातली बारावी झालेली पोरगी ते करू शकते. तिला त्याचे मानधन मिळाले पाहिजे, हे वेगळे भांडण आहे आणि ते आपण भांडू.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. पाचवी ते आठवीच्या दहा लेकरांना, पाच पोरे आणि पाच पोरी, एका कोऱ्या कागदावर दोन गणिते घालावीत. पहिले तोंडी सांगावे: बावन्नातून सतरा वजा कर. दुसरे लिहून द्यावे: ७६४ भागिले ६. (उत्तर १२७, बाकी २, आधी आपण स्वतः करून पाहावे.) लेकराचे नाव लिहू नये, इयत्ता आणि पोरगा की पोरगी एवढेच लिहावे. मदत करू नये, रागावू नये, खोडरबर देऊ नये. चुकलेला कागद फाडून न टाकता, लेकराने जसा सोडवला तसाच बैठकीला आणावा.